वीस रुपयांच्या नोटेवरचं बेट

मैत्रिणींनो, "मुलं मोठी झाली की" हे शब्द आपल्या तोंडून दिवसातून किती वेळा निघतात, कधी लक्ष दिलंय? मुलं मोठी झाली की पेटी पुन्हा काढीन, मुलं मोठी झाली की बी.एड. करीन, मुलं मोठी झाली की एकदा निवांत कुठंतरी लांब जाऊन येऊ. मुलं काय, बघता बघता मोठी होतातच. एक पुण्याला वसतिगृहात जातं, एक नोकरीसाठी बंगलोर गाठतं, मुलगी सासरी जाते. घरात दोघंच उरतात. हाताला मात्र जुनं मोठं पातेलंच लागतं, आणि रात्री चार जणांची आमटी दोघांत उरते. मग वाटतं, आता वेळ आहे. पण तोवर "मुलं मोठी झाली की"च्या जागी दुसरे शब्द येऊन बसलेले असतात: "आता या वयात कुठं!"

या दोन वाक्यांच्या मधे बाईचं सगळं आयुष्य निघून जातं. आज त्याविषयीच थोडं बोलू या. नुसतं हळहळून उपयोग नाही, म्हणून प्रवासाला लागणाऱ्या चार व्यवहाराच्या गोष्टीही सांगणार आहे.

कुणी म्हणेल, समुद्रातल्या बेटावर जाणं हे नव्या लग्न झालेल्यांचं काम. आपलं काय तिथं? पण आपल्या आज्या-पणज्यांकडे पाहा. प्रपंच मार्गी लागला, मुलीची लग्नं उरकली, की त्यांची एकच इच्छा असे, काशी-रामेश्वर घडावं. आता हे रामेश्वर आहे कुठं? पंबन नावाच्या बेटावर! तिथला रेल्वेचा पूल १९१४ साली सुरू झाला. त्याआधी यात्रेकरू होडीतूनच पलीकडे जात. म्हणजे नऊवारीतल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बायका मुलांची जबाबदारी संपवून बेटावर जात होत्या आणि कुणी त्यांना नावं ठेवत नव्हतं. उलट गावात आल्यावर मावंदं घालून सगळे पाया पडत. पुण्य पदरात घ्यायला जाणाऱ्या बाईला वाट मोकळी, आणि नुसता समुद्र पाहायला जाणाऱ्या बाईला मात्र "एवढी हौस बरी नव्हे". हा फरक आपणच केला आहे, नाही का?

हे सगळं मनात आलं ते आमच्या थोरल्या जाऊबाईंमुळे. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. वय छप्पन्न. सारा जन्म कोरेगाव भीमात गेला. नगर रस्त्याला लागून आमची थोडी शेती, दीर सणसवाडीच्या एका कारखान्यात नोकरीला. पहाटे पाचला डबा, मग जनावरं, मग मुलांच्या शाळा, सासूबाईंची औषधं, पुन्हा रात्रपाळीचा डबा. मुलगा बंगलोरला गेला, मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, आणि गेल्या वर्षी भाऊजी निवृत्त झाले. त्या निवृत्तीच्या आठवड्यात अक्कांनी डाळीच्या डब्यातून एक वीस रुपयांची नोट काढून त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "हितं जायचंय मला."

तुमच्याकडे जुनी लालसर रंगाची वीसची नोट असली तर उलटी करून बघा. मागच्या बाजूला माडांची झाडं, त्यापलीकडे समुद्र आणि हिरवी किनारपट्टी दिसेल. ते चित्र अंदमानचं आहे. पोर्ट ब्लेअरजवळच्या, पूर्वी माउंट हॅरिएट म्हणत त्या डोंगरावरून दिसणारा देखावा तो. २०१९ साली निघालेल्या हिरवट-पिवळ्या नव्या नोटेवर आपली वेरूळची लेणी आली. पण अक्कांच्या डब्यातली नोट जुनी. त्यांचा मुलगा सहावीत असताना त्यानं शाळेतून येऊन सांगितलं होतं, "आई, हे खरोखरीचं बेट आहे." तेव्हापासून ती नोट त्यांनी मोडली नाही. बाजाराच्या दिवशी दहा-वीस रुपये कमी पडले तरी मोडली नाही. आम्हां घरातल्या कुणालाही याचा पत्ता नव्हता.

मग पुढं काय झालं? जे कुठल्याही घरात होतं तेच. भाऊजी पहिल्यांदा हसले. मग म्हणाले, एवढ्या पैशांत विहिरीवर नवी मोटर बसेल. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, पोहता येत नाही तुला, समुद्रात काय करणार?" मुलीनं सांगितलं की फेब्रुवारीत त्यांना नव्या घरात जायचंय, आई आली तर बरं होईल. शेजारच्या एका बाई तर सरळच म्हणाल्या, घरात ब्याऐंशी वर्षांची सासू, आणि ही निघाली समुद्रावर!

अक्का भांडल्या नाहीत. त्यांनी एकेकाचं उत्तर एकेक करून दिलं, आणि ते मला फार शिकण्यासारखं वाटलं. भाऊजींना सांगितलं, पैसे तुमच्या मोटरचे नाहीत, माझे आहेत; त्याचा हिशेब पुढं सांगते. मुलाला म्हणाल्या, "तुला पोहता येत नव्हतं तेव्हा मी तुला विहिरीवर सोडत होते का? मी काठाशीच उभी राहीन." मुलीला सांगितलं, मार्चमध्ये येते, चांगली पंधरा दिवस राहते, फेब्रुवारीत नाही. लेकीला "नाही" म्हणण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. नंतर मला म्हणाल्या, "जीभ जड झाली गं, पण ती रागावली नाही. आपणच उगाच भितो."

राहिल्या सासूबाई. त्यांच्यापुढं विषय कसा काढायचा, म्हणून अक्का दोन दिवस घुटमळल्या. त्यांची जेवणाखाण्याची, औषधांची जबाबदारी मी घेतली होती. माझी शाळा अर्धवेळ, सकाळचे तीन-चार तासच असते, तेवढ्या वेळात आमचे हे घरी थांबणार होते. तरी विचारायला हवंच होतं. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जा की. मी कुठं पळून चाललेय? मी पंढरपूरच्या पुढं कधी गेले नाही. येताना बाटलीभर समुद्राचं पाणी आण मला."

झालं. ज्यांच्यासाठी थांबायचं म्हणून आपण थांबतो, त्यांना एकदा विचारून तरी पाहावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

आपल्या मराठी माणसांना अंदमान म्हटलं की आधी समुद्र आठवत नाही, काळं पाणी आठवतं. सेल्युलर जेलचं बांधकाम १८९६ साली सुरू झालं आणि १९०६ साली पुरं झालं. मधे एक मनोरा आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात तीनमजली इमारती. एका इमारतीतल्या कोठड्यांचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्यानं कैद्याचा चेहरादेखील पाहू नये. आज त्या सातांपैकी तीनच उरल्या आहेत. १९७९ साली त्यांना राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केलं गेलं. बंगाल, पंजाब आणि आपल्या महाराष्ट्रातले कितीतरी राजबंदी तिथं होते. विनायकराव सावरकर १९११ च्या जुलैत तिथं पोचले. थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीपासून तिथंच होते. दोघे भाऊ एका छपराखाली, आणि भेट नाही! १९२१ साली दोघांना परत हिंदुस्थानात आणलं.

पण बायकांच्या मासिक-साप्ताहिकात सांगायला हवी ती त्या घरातल्या दोघी जावांची गोष्ट. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी आणि विनायकरावांच्या पत्नी माई. नवरे सक्तमजुरीवर, घरावर जप्ती, आणि भेटीची परवानगी कधी मिळेल याची वर्षानुवर्षं वाट. १९१९ साली ती परवानगी मिळून धाकटे दीर नारायणराव माईंना घेऊन जहाजानं अंदमानला गेले. येसूवहिनी मात्र त्याच वर्षी, ही भेट होण्याच्या थोडं आधी, वारल्या होत्या. बाबारावांच्या वाट्याला बायकोच्या भेटीऐवजी तिच्या मृत्यूची बातमी आली. अंदमानच्या वाटेवर गेलेल्या मराठी बायका आठवायच्या तर माईंचं नाव घ्यायला हवं, आणि जी पोचलीच नाही त्या येसूवहिनींचं तर आधी घ्यायला हवं. आज आपण विमानात बसून दोन-अडीच तासांत तिथं उतरतो. ज्या वाटेकडे एका बाईनं दहा वर्षं डोळे लावले, त्या वाटेनं हौसेनं जाता येणं हे केवढं भाग्य! "एवढी हौस बरी नव्हे" म्हणणाऱ्यांना एवढं तरी सांगता येईल.

आता व्यवहाराकडे वळू.

दिवस कोणते निवडावे? अंदमानात पाऊस आपल्यासारखा चार महिने पडून थांबत नाही. नैर्ऋत्येचा आणि ईशान्येचा असे दोन्ही मोसमी पाऊस तिथं पडतात, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. मेपासून नोव्हेंबरपर्यंत भरवसा नाही. डिसेंबरच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंतचे दिवस चांगले. त्यातही नाताळ आणि नव्या वर्षाची गर्दी टाळली तर पैसे वाचतात. आमच्या कोरेगावच्या बायकांना आणखी एक सांगणं. ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला पेरणे हद्दीतल्या जयस्तंभाला अभिवादन करायला लाखो लोक येतात. १८१८ च्या लढाईचं हे स्मारक, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२७ साली इथं आले होते. त्या दोन दिवसांत नगर रस्त्याची वाहतूक दुसरीकडून वळवलेली असते. लोहगावचं विमान गाठायचं असेल तर ते दिवस टाळावेत, नाहीतर आदल्या दिवशीच पुण्यात नातलगांकडे मुक्काम करावा. तसं पाहिलं तर केवढ्या लांबून माणसं आपल्या गावाशी येतात, आणि आपण मात्र शिक्रापूरच्या बाजारापलीकडे जात नाही!

जायचं कसं? विमान चेन्नई, कलकत्ता किंवा बंगलोरहून बदलून जावं. चेन्नईहून दोन-सव्वादोन तास लागतात. चेन्नई, कलकत्ता आणि विशाखापट्टणमहून सरकारी जहाजंही सुटतात, पण त्यांना साधारण तीन दिवस लागतात आणि तारखा आधी पक्क्या नसतात. ज्यांना बोट लागते त्यांनी त्या वाटेला जाऊ नये. अंदमानच्या नेहमीच्या ठिकाणांना आपल्याला परवाना लागत नाही. लक्षद्वीपला मात्र लागतो. ही दोन नावं बऱ्याच बायका एकच समजतात, म्हणून सांगितलं.

तिकीट काढण्याआधी आपलं आधार कार्ड काढून नाव वाचा. हे आपल्या बायकांचं खास दुखणं. कार्डावर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, आणि घरात तिसरंच! तिकिटावर कार्डावरचंच नाव हवं, अक्षर न् अक्षर तेच. अक्कांच्या कार्डावर माहेरचं आडनाव होतं, ते महिनाभर आधी लक्षात आलं म्हणून निभावलं.

नावांचा आणखी एक घोळ आहे. २०१८ च्या डिसेंबरात रॉस बेटाचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि हॅवलॉकचं स्वराज द्वीप असं झालं. नेताजींनी १९४३ साली ३० डिसेंबरला पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला होता, त्याला तेव्हा पंच्याहत्तर वर्षं झाली होती. २०२४ च्या सप्टेंबरात पोर्ट ब्लेअरचंही नाव श्री विजयपुरम झालं. सहलीच्या पत्रकात कुठं जुनं, कुठं नवं असतं. एकाच बेटाला दोन वेगळी बेटं समजून "एक बेट कमी दाखवलं" असं भांडण होऊ नये!

घड्याळाविषयी. मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे हा मुद्दा माझ्या आवडीचा. अंदमान आपल्या पूर्वेला सुमारे एकोणीस रेखांश आहे. एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे तिथं आपल्याहून सव्वा तास आधी उजाडतं आणि सव्वा तास आधी मावळतं. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. फेब्रुवारीत साडेपाचला सूर्यास्त होतो. आपण दुपारी झोप काढून चहा घेऊन निघालो तर अंधारच दिसेल. म्हणून पहाटे उठा, भटकंती दुपारपर्यंत उरका आणि संध्याकाळ राखून ठेवा. पहाटे पाचला उठायचं म्हटल्यावर आपल्याला काय अवघड? त्यातच तर जन्म गेला!

सामान कमी घ्या. बोटीत चढताना-उतरताना काष्ट्याशिवायची साडी पायात येते. ज्यांना चालतं त्यांनी पंजाबी ड्रेस घ्यावा. ज्यांना साडीच हवी त्यांनी पातळ, लवकर वाळणारी, थोडी आखूड नेसावी. हवा दमट असते, जाड सुती कपडे वाळत नाहीत. पायांत पट्ट्याच्या चपला, कारण पाण्यात पोवळ्याचे धारदार खडक असतात. वाळूत बारीक माश्या चावतात, तर हातापायांना खोबरेल चोळून जावं. खायला दशम्या, चिवडा, मेतकूट, लसणाची कोरडी चटणी नेली की शाकाहारी माणसाचंही अडत नाही. जेवण मात्र सगळीकडे मिळतं, आणि हिंदी सगळ्यांना समजतं. तेलाचं लोणचं हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. देवपूजेची सवय असलेल्या बायका आगपेटी नेतात, ती विमानात चालत नाही. उलट फोनची वेगळी बॅटरी हातातल्या पिशवीतच ठेवावी लागते, मोठ्या बॅगेत नाही.

प्रकृतीचं. गुडघे दुखत असले तर जाण्याआधी दोन महिने रोज अर्धा तास चाला. रक्तदाब, साखर असलेल्यांनी डॉक्टरांना भेटून औषधं दुप्पट दिवसांची घ्यावीत, कारण छोट्या बेटांवर तीच गोळी मिळेलच असं नाही. एका बेटाहून दुसऱ्या बेटावर जायला दीड-दोन तासांची बोट असते. लागत असेल तर डॉक्टरांनी दिलेली गोळी बोट सुटण्याआधी घ्यावी, पोट अगदी रिकामं किंवा अगदी भरलेलं नसावं, आलेपाकाच्या वड्या जवळ असाव्यात. पाण्याखाली बुडी मारायचे खेळ तिथं पुष्कळ आहेत. हृदयाचा, रक्तदाबाचा त्रास असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका. तळाशी काच बसवलेल्या होडीतून पोवळी आणि रंगीत मासे तसेच दिसतात, पदरसुद्धा भिजत नाही. काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरींचा धोका असतो. तिथं फलक लावलेले असतात, ते वाचावेत आणि मनाई असेल तिथं घोट्याएवढ्या पाण्यातही जाऊ नये.

भाऊजींनी सुनामीची आठवण काढली होती. ती भीती खोटी नव्हे. २००४ सालच्या २६ डिसेंबरच्या लाटेनं अंदमान-निकोबारची फार हानी केली. त्यानंतर २००७ साली हैदराबादला सुनामीची पूर्वसूचना देणारं केंद्र सुरू झालं. जिथं उतरू तिथं उंच जागेकडे जाणारा रस्ता कुठला, एवढं पहिल्याच दिवशी विचारून ठेवलं की पुरे.

दोन गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. किनाऱ्यावर पोवळ्याचे तुकडे आणि सुंदर शिंपले पडलेले असतात, ते गोळा करायला आपले हात शिवशिवतात. घरच्या देव्हाऱ्यात, शोभेच्या कपाटात ठेवायला केवढे छान! पण पोवळी आणि कितीतरी जातींचे शंख-शिंपले वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. विमानतळावर बॅग उघडून काढून घेतात, वर कारवाई होते ती वेगळी. दुसरं, बाराटांगकडे जाणारा रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तिथं वाहनं ताफ्यानं सोडतात. गाडी थांबवणं, फोटो काढणं, खाऊ फेकणं, सगळ्याला कायद्यानं मनाई आहे. आपल्या अंगणात येऊन कुणी आपल्या मुलाबाळांना पाहुण्यासारखं नव्हे, प्राणिसंग्रहालयासारखं पाहिलं तर कसं वाटेल, एवढा विचार केला की नियम सांगावा लागत नाही.

अक्का आणि भाऊजी सहा रात्री राहून आले. त्यांनी काय पाहिलं याची यादी पत्रकातही मिळेल. मला सांगायच्या आहेत त्या दोनच गोष्टी.

पहिली, सेल्युलर जेलमधली. तिथं कोलू मांडून ठेवला आहे, बैलासारखं माणसाला जुंपून खोबरेल काढायचा. दिवसाला तीस पौंड तेल काढावं लागे. आम्हां शेतकऱ्यांच्या घरात जू म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. अक्का म्हणाल्या, गाईड पुढं बोलत गेला, पण त्यांचे दीर्घकाळ बैल हाकलेले यजमान त्या कोलूपाशी हात टेकून उभे राहिले ते हलेचनात. तीस वर्षं रात्रपाळी केलेला, कधी डोळ्यांत पाणी न आलेला माणूस. रात्री ते अक्कांना म्हणाले, "बरं झालं तू हट्ट केलास." बाईच्या हौसेचा घरातल्या पुरुषालाही उपयोग होतो, तो असा.

दुसरी, स्वराज द्वीपवरच्या राधानगर किनाऱ्याची. "टाइम" या अमेरिकन साप्ताहिकानं २००४ साली त्याला आशियातला उत्तम किनारा म्हटलं होतं. पांढरी वाळू, मागं उंचच उंच झाडं. अक्का पदर खोचून गुडघ्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या. मी विचारलं, काय वाटलं? म्हणाल्या, "पहिला अर्धा तास मला सारखं वाटत होतं, कुणीतरी हाक मारेल. भाकरी झाली का, औषध कुठं ठेवलंय, कुणीतरी काहीतरी मागेल. मग लक्षात आलं, कुणीच मागत नाहीये. मग मी नुसती उभी राहिले." बायांनो, मला वाटतं या एका वाक्यासाठी माणसानं एवढा प्रवास करावा.

आल्यावर त्यांनी आत्याबाईंना बाटली दिली. त्यांनी झाकणात चार थेंब ओतून जिभेवर ठेवले आणि म्हणाल्या, "खरंच खारट हाय की!" उरलेलं पाणी देवघरात गंगेच्या गडव्याशेजारी आहे. पूर्वी रामेश्वरची वाळू काशीला आणि काशीची गंगा रामेश्वरला नेत. आमच्या देवघरात दोन्ही पाणी शेजारी येऊन बसली.

आता पैशांचं, कारण खरी गाठ तिथंच असते. अक्कांनी पाच वर्षांपूर्वी पोस्टात आपल्या नावावर आवर्ती ठेव उघडली होती. पैसे कुठून? दोन म्हशींच्या दुधाचे आणि दिवाळीत फराळाच्या ऑर्डरींचे. पोस्टाच्या या ठेवीची मुदत पाच वर्षं, आणि महिना शंभर रुपयांपासून ती उघडता येते. २०२३ च्या ऑक्टोबरपासूनच्या ६.७ टक्के दरानं महिना हजार रुपये भरले तर पाच वर्षांत साठ हजारांचे एकाहत्तर हजारांच्या आसपास होतात. सरकार दर तिमाहीला दर ठरवतं, पण आपण उघडली त्या दिवशीचा दर आपल्या खात्याला शेवटपर्यंत राहतो. महत्त्वाचं काय, तर ठेव आपल्या नावावर हवी आणि तिला नाव हवं. अक्कांनी पासबुकाच्या कव्हरवर पेन्सिलीनं "नोट" एवढंच लिहिलं होतं. नाव नसलेले पैसे घरात कुणाच्याही कामाला जातात. नाव असलेले पैसे मागताना माणूस दोनदा विचार करतो, आणि देताना आपणही.

सगळ्यांनाच अंदमान जमेल असं नाही, आणि जमायलाच हवं असंही नाही. पाण्यानं वेढलेली जागाच पाहायची असेल तर गेटवेहून तासाभराच्या बोटीवर घारापुरीचं बेट आहे. सोमवारी लेणी बंद असतात हे लक्षात ठेवा. मुरूडजवळ जंजिरा आहे. मालवणला शिवाजीमहाराजांनी कुरटे बेटावर बांधलेला सिंधुदुर्ग आहे, शेजारी तारकर्लीची वाळू आहे. दोन रात्रींत होतं, एस.टी.नं होतं. पावसाळ्यात मात्र तिथल्या होड्या बंद असतात. कुठं जायचं हा प्रश्न दुय्यम आहे. मुलाच्या घरी बाळंतपणाला किंवा मुलीच्या घरी सामान लावायला आपण जातोच, जायलाही हवं. पण तो प्रवास कामाचा. वर्षांमागून वर्षं दुसऱ्यांसाठी केलेल्या प्रवासांत एक तरी आपला असावा, एवढंच.

माझी मुलं अजून चौथीत आणि सातवीत आहेत. घर रिकामं व्हायला दहा-बारा वर्षं आहेत. पण अक्कांकडे पाहून मी या महिन्यात पोस्टात गेले आणि पाचशे रुपयांची ठेव उघडली. शाळेचं मानधन तुटपुंजंच असतं, तरी तेवढं निघतं. तिला काय नाव दिलंय ते आत्ताच सांगणार नाही.

तुम्हीही या आठवड्यात तीन कामं करा. आधार कार्डावरचं नाव वाचा. पोस्टात जाऊन, शंभर का होईना, आपल्या नावाचं खातं उघडा. आणि रात्री जेवणं झाल्यावर, सगळे बसलेले असताना, आपल्याला कुठं जायचंय ते एकदा मोठ्यानं सांगा. हसतील, हसू द्या. वीस वर्षं मनात ठेवलेली गोष्ट घरच्यांना एका रात्रीत पटत नाही. पण सांगितलीच नाही तर ती त्यांना कधीच कळत नाही. तुमच्या जागेचं नाव मला पत्रानं जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात उन्हाळी वाळवणांविषयी बोलू, साबुदाणा भिजत घालायच्या आत भेटूच.